संतापाच्या मोजक्या चिजा

कोणत्याही मराठी दैनिकाची जिल्हा आवृत्ती घ्या आणि आतलं पान उघडा. ठिय्या, घंटानाद, थाळीनाद, अर्धनग्न मोर्चा, भीक मांगो, बोंबाबोंब, जोडे मारो, चक्का जाम, साखळी उपोषण, आमरण उपोषण, आणि यातलं काहीच चाललं नाही तर जलसमाधीचा इशारा. मागण्या दर वेळी निराळ्या असतात: पीकविम्याची थकलेली रक्कम, पाझर तलावाची गळती, अंगणवाडीताईंचं मानधन, रखडलेला पूल. मागणी कोणतीही असो, माणसं करतात ते या यादीतलंच काहीतरी. चिडायला कारणं अगणित. चिडून चारचौघांत काय करायचं, याचे प्रकार मात्र मोजके. असं का व्हावं?

चार्ल्स टिली (१९२९–२००८) या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं या प्रश्नावर आयुष्याची बरीच वर्षं घालवली. त्यासाठी त्यानं रंगभूमी आणि मैफलीच्या जगातला एक शब्द उचलला: रेपर्टवार. गवयानं शेकडो बंदिशी ऐकलेल्या असतात, बऱ्याचशा त्याच्या वहीतही असतात. पण आज संध्याकाळी, या तबलजीबरोबर, या श्रोत्यांपुढे उभ्या करता येतील अशा चिजा त्याहून पुष्कळच कमी. त्या तयार चिजांचा साठा म्हणजे त्याचा रेपर्टवार. १९७०च्या दशकाच्या अखेरीस टिलीनं हा शब्द रस्त्यावर आणला. त्याचं म्हणणं असं की लोक निषेध करायला उठतात तेव्हा मनाला येईल ते करत नाहीत. जे त्यांनी पूर्वी पाहिलेलं असतं, जे जमेल याची खात्री असते आणि जे समोरच्यालाही ओळखू येतं, त्यातूनच ते निवडतात. थोडा फेरफार करतात, जागा बदलतात, एखादी नवी हरकत घेतात. पण चीज ओळखीचीच राहते.

ब्रिटनमधल्या १७५८ ते १८३४ या काळातल्या आठ हजारांहून अधिक जमावांच्या नोंदी त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गोळा केल्या. सुरुवातीच्या काळात लोक धान्याच्या गाड्या अडवून माल ठरल्या भावानं विकायला लावत, नकोशा माणसाच्या दारात भांडी बडवत, कुंपणं मोडत. काळाच्या दुसऱ्या टोकाला त्याच देशातली माणसं सभा भरवू लागली, संघटना काढू लागली, सह्या गोळा करून पार्लमेंटकडे अर्ज धाडू लागली, मोर्चे नेऊ लागली. जुने प्रकार गावापुरते आणि प्रश्नापुरते होते. नवे प्रकार कुठूनही उचलून कुठेही लावता येत होते. कामगाराचा मोर्चा आणि गुलामगिरीविरोधकांचा मोर्चा यांची घडण एकच. टिली याकडे मोठी झेप म्हणून पाहतो, आणि एका अर्थानं ती आहेच. या झेपेत काहीतरी हातचं गेलं, असं मात्र मला वाटतं. आणि काय गेलं ते महाराष्ट्राकडे पाहिलं की नीट कळतं.

आपल्याकडची सगळ्यात जुनी चीज धरण्याची. धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसे, आणि आपण इथे मेलो तर पाप तुझ्या माथी, असं त्याला बजावे. त्रागा म्हणजे त्याचीच आणखी उग्र पायरी: स्वतःला किंवा स्वतःच्या माणसाला इजा करून समोरच्यावर दोष आणणं. इंग्रजांना हे इतकं अडचणीचं वाटलं की १८६०च्या भारतीय दंडविधानात त्यांनी त्यासाठी कलम ५०८ घातलं. देवाचा कोप होईल अशी भीती घालून एखाद्याला काही करायला लावणं हा त्या कलमानं गुन्हा ठरवला, आणि खाली दिलेल्या दोन उदाहरणांपैकी पहिलं उदाहरणच दारात धरणं धरून बसणाऱ्याचं होतं. दुसरं त्राग्याचं. आज कचेरीसमोर मंडप घालून पोलिसांच्या परवानगीनं धरणं धरणाऱ्यांना कल्पनाही नसते, की आपल्या या आंदोलनाच्या पूर्वजाचं नाव गुन्ह्याचा नमुना म्हणून कायद्याच्या पुस्तकात छापलं होतं.

मग १८७५. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाची तेजी ओसरली, सारा वाढला आणि दख्खनचा शेतकरी सावकाराच्या वहीत पुरता अडकला. १८७४च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावानं एका सावकारावर बहिष्कार घातला. त्याची जमीन कसायला, त्याची हजामत करायला, त्याचं पाणी भरायला कोणी जाईना. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुपे इथे बाजारात जमलेल्या लोकांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि दंगे पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे लोकांना हवे होते ते कागद: कर्जरोखे, खतं, वह्या. ते हाती आले की जाळायचे. जिथे सावकारानं ते मुकाट दिले तिथे त्याच्या जिवाला सहसा धक्का लागला नाही. मागणी काय होती? कर्जाच्या विळख्यातून सुटका. कृती काय होती? विळखा ज्या कागदावर होता तो कागद नाहीसा करणं. दोन्हींमध्ये अंतरच नव्हतं. सरकारनं आधी लष्कर धाडलं, मग आयोग नेमला आणि १८७९मध्ये दख्खन शेतकरी सवलत कायदा केला.

जाळण्याची ही चीज नंतर प्रवासाला निघाली. १९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. कर्जरोखा, कापड, ग्रंथ. तिन्ही वेळा जी वस्तू पेटली तिच्यात सत्ता भरलेली होती: सावकाराची, मँचेस्टरची, धर्मशास्त्राची. आता पुतळाजाळणीकडे पाहा. पुतळा गवताचा, चेहऱ्याला छापील फोटो चिकटवलेला, आणि नाव आज एका मंत्र्याचं, उद्या दुसऱ्याचं. त्या गवतात कोणाचीच सत्ता नसते. पोलीस बादली घेऊन शेजारी उभे असतात, छायाचित्रकार "जरा थांबा" म्हणतो, आणि आग त्याच्या सोयीनं लागते. बाह्य रूप तेच राहिलं, पण मागणीशी असलेली गाठ सुटली. प्रकार कुठेही लावता येण्याजोगा झाला याची ही किंमत आहे, आणि टिली ती पुरेशी मोजत नाही, अशी माझी तक्रार आहे.

महाड हे या गाठीचं सगळ्यात लखलखीत उदाहरण. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळानं १९२३मध्ये मंजूर केला होता. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क होता. त्यामुळे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून हजारो माणसं तळ्यावर गेली ती काही मागायला नव्हे. ती पाणी प्यायली. अर्ज, विनंती, प्रतीक, काही नाही. हक्काची अंमलबजावणी हक्कदारांनीच केली. सत्याग्रह ही चीज त्या काळी देशभर गायली जात होती, महाडनं तिचा ठाव वेगळ्या जागी नेला. विरोधकांकडे उत्तर काय होतं? मारहाण, आणि मग पंचगव्याच्या घागरी ओतून तळ्याचं 'शुद्धीकरण'. म्हणजे त्यांचाही एक रेपर्टवार होताच, शतकानुशतकांचा. डिसेंबरात पुन्हा पाणी भरायचं ठरलं तेव्हा तळ्याच्या प्रश्नावर कोर्टाचा मनाई हुकूम आला. आंदोलनाची धार तळ्यावरून ग्रंथावर वळली, त्याला हाही संदर्भ होता. तळ्याचा खटला हायकोर्टात निकाली निघायला १९३७ साल उजाडलं.

रेपर्टवार हा एकट्याचा नसतो, दोघांचा असतो, हे टिलीनं बारकाईनं सांगितलं आहे. आणि महाराष्ट्रात सरकारचा रेपर्टवार आंदोलकांपेक्षा जास्त घोटलेला आहे. आधी दुर्लक्ष. मग तहसीलदारांनी निवेदन स्वीकारणं. गर्दी वाढली की जमावबंदी. आणखी वाढली की शिष्टमंडळाला चर्चेचं बोलावणं. त्यातून अभ्यास समिती, समितीला मुदत, मुदतीला मुदतवाढ. उपोषण असेल तर डॉक्टरांचं पथक, मग मंत्री, मग लेखी आश्वासन आणि कॅमेऱ्यांसमोर फळांचा रस. शेवटी आंदोलकांवरचे गुन्हे मागे घेण्याचं वचन, जे आंदोलकांना पुढची कित्येक वर्षं तारखांना जाताना आठवत राहतं. प्रत्येक चिजेला सरकारकडे तयार जबाब आहे. जिथे जबाब तयार नसतो तिथेच काहीतरी हलतं.

१९७२चं लाटणं असंच होतं. दुष्काळ आणि महागाईच्या त्या काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीनं बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणलं. लाठी घेतलेल्या पुरुषाचं काय करायचं हे पोलिसांना शिकवलेलं असतं. लाटणं घेतलेल्या आजीचं काय करायचं? शिवाय लाटणं ही काही प्रतीक म्हणून शोधून आणलेली वस्तू नव्हती. तेल, साखर, रॉकेल मिळेना म्हणून ज्या स्वयंपाकघरात कोंडी झाली होती, तिथूनच ते उचललेलं. मोर्चाला जी येऊ शकत नव्हती तिला याच समितीचा थाळीनाद घरच्या खिडकीतूनही करता येत होता, म्हणजे आंदोलनात शिरण्याचा उंबरठाच खाली आला. पुढे या थाळीचं काय झालं पाहा. २२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता देशभर थाळ्या वाजल्या, त्या पंतप्रधानांच्या आवाहनावरून, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या कृतज्ञतेसाठी. चीज तीच, यजमान बदलला. असं होऊ शकतं, याचा विचार आंदोलनांचे अभ्यासक फारसा करत नाहीत.

कामगाराकडे संप होता. १९०८मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. शिक्षेच्या एकेका वर्षाला एकेक दिवस, इतकी नेमकी बांधणी! पण शेतकऱ्यानं संप कसा करायचा? कुळं करू शकत होती: अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ कुळांनी खोतांच्या, म्हणजे तिथल्या जमीनदारांच्या, जमिनी कसायचं नाकारलं. समोर खोत होता, त्याची जमीन पडीक राहिली की त्याचं नुकसान होत होतं. (२०१७च्या जूनमध्ये पुणतांब्याहून शेतकरी संप सुरू झाला तेव्हा तो इतिहासातला पहिलाच असल्याचं सर्रास बोललं गेलं. चरी मुंबईपासून इतकी जवळ असून इतकी विसरली जावी!) स्वतःच्या जमिनीत स्वतःचा कांदा पिकवणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्यानं काम थांबवलं तर मरतो तोच.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी हे गणित मांडलं आणि त्याला उत्तरही शोधलं. शेतकऱ्याचं शेत अडवून शहराला काही कळत नाही, पण शहराकडे जाणारा रस्ता शेतकऱ्याच्या गावावरून जातो. १९८०मध्ये चाकणला आणि मग नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या भावासाठी रस्ते अडले, रेल्वे अडली. पुढच्या वर्षी निपाणीला तंबाखू शेतकरी आठवड्यांमागून आठवडे हमरस्त्यावर बसले आणि त्याचा शेवट गोळीबारात झाला. रास्ता रोको हा शब्द आता इतका झिजलाय, की त्यामागे एवढा विचार होता हे सांगूनही पटत नाही. आज नगरपालिकेच्या गटारासाठीही रास्ता रोको होतो. गटाराचा आणि हमरस्त्याचा संबंध एवढाच, की रस्ता अडवला तर बातमी येते. एसटीतल्या प्रवाशाला उन्हात ताटकळत ठेवून गटार साफ होत नाही. झालंच तर पुढच्या खऱ्या रास्ता रोकोबद्दलची सहानुभूती संपते.

चीज कालबाह्य होते ती कशी, याचं सगळ्यात क्लेशकारक उत्तर १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपात आहे. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संपाचे पुढारी दत्ता सामंत यांच्या चुका, मालकांची आडमुठी भूमिका, सरकारची भूमिका यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण संप या प्रकाराची सगळी ताकद एका गृहीतावर उभी असते: यंत्र थांबलं की मालकाला दुखतं. ऐंशीच्या दशकात कापड यंत्रमागांकडे सरकलं होतं, गिरण्यांची यंत्रं जुनी झाली होती, आणि गिरणीखालची जमीन गिरणीपेक्षा मौल्यवान व्हायला लागली होती. बऱ्याच मालकांना यंत्र थांबण्याचं दुखणंच उरलं नव्हतं. कामगारांनी चीज चोख म्हटली, वर्ष-दीड वर्ष उपाशीपोटी म्हटली. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही.

इतकं बोलल्यावर ठराविकपणाच्या बाजूनंही थोडं बोलायला हवं, कारण मी त्याच्यावर जरा जास्तच तुटून पडलो आहे. ठरलेली चाल माणसाला धीर देते. आयुष्यात कधी घोषणा न दिलेली अंगणवाडीताई आझाद मैदानात येते तेव्हा कुठे बसायचं, घोषणेला प्रतिसाद कसा द्यायचा, साहेब आले की कोण उठून बोलणार, हे तिला ठाऊक असतं. आधीच्या मोर्चाला आलेल्या मैत्रिणीनं सांगितलेलं असतं. पोलिसालाही ठाऊक असतं की हा मोर्चा इथवर येणार आणि इथे बसणार. या परस्परओळखीमुळे बहुतेक आंदोलनांत माणसं मरत नाहीत, ही लहान गोष्ट नाही. संपूर्ण नवी कृती दोन्ही बाजूंना घाबरवते, आणि घाबरलेल्या बंदूकधाऱ्यापुढे उभं राहणं शहाणपणाचं नसतं.

म्हणून यशस्वी नवे प्रकार पाहिले तर ते जुन्याच चिजेची एखादी बाजू उलटी करून आलेले दिसतात. ९ ऑगस्ट २०१६ला औरंगाबादेत निघालेला मराठा क्रांती मूक मोर्चा घ्या. मोर्चा जुना, लाखांची गर्दीही पाहिलेली. काढून टाकलं काय, तर आवाज. घोषणा नाहीत, भाषणं नाहीत, व्यासपीठावर पुढारी नाहीत, निवेदन द्यायला मुली, आणि मोर्चा गेल्यावर रस्ता झाडणारे स्वयंसेवक. मागण्यांबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो, पण सरकारचा ठरलेला जबाब या मोर्चानं काही महिने निकामी केला होता. शिष्टमंडळाला बोलवायचं तर कोणाला? फोडायचा तर कोणता नेता? वर्षभरानं, ९ ऑगस्ट २०१७ला, मोर्चा मुंबईत पोहोचला. त्यानंतर शांतता ही चीजही जुन्या पानांत जाऊन बसली. २०१८चं आंदोलन पुन्हा आवाजाचं, बंदचं आणि दगडांचं झालं, आणि मूक मोर्चा आता कोणीही कशासाठीही काढतो.

२०१८च्या मार्चमध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून मुंबईला चालत आला, सहा दिवसांत सुमारे १८० किलोमीटर. चालण्याचा हा प्रकारही नवा नव्हता. १९८०च्या डिसेंबरात शरद पवारांनी जळगावहून नागपूरकडे शेतकरी दिंडी नेली होती, आणि दिंडी हे नावच सांगतं की ती चीज कोणाकडून घेतली. नवं होतं ते शेवटच्या रात्री. दहावीच्या परीक्षा सुरू होत्या. सकाळी मोर्चा निघाला असता तर मुलं पेपरला जाताना अडकली असती, म्हणून दिवसभर चालून आलेले लोक शीवच्या सोमय्या मैदानावरून रात्रीच उठले आणि उजाडायच्या आत आझाद मैदानात पोहोचले. रास्ता रोकोची सगळी रचना त्यांनी उलटी केली: शहराला अडवण्याची ताकद होती आणि ती वापरली नाही. वनजमिनीच्या दाव्यांसाठी आलेल्या या आदिवासी शेतकऱ्यांना मुंबईकरांनी चपला, पाणी, पोहे दिले. सरकारनंही त्याच दिवशी लेखी आश्वासन दिलं. आश्वासनाचं पुढे काय होतं हे सरकारच्या रेपर्टवारात आधीच येऊन गेलं आहे. किसान सभेला पुढच्याच वर्षी पुन्हा मोर्चा काढावा लागला.

सरकारकडे ज्याला जबाबच नाही असाही एक प्रकार अलीकडे रुजतो आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे कुटुंबाच्या १९ मार्च १९८६च्या आत्महत्येची आठवण म्हणून २०१७पासून दर १९ मार्चला लोक अन्नत्याग करतात: कोणी एकत्र बसून, कोणी आपापल्या घरी, आपापल्या नोकरीवर. या उपोषणाला दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीनं आपोआप शेवट येतो. रस पाजायला मंत्री नको, सोडवायला मध्यस्थ नको. अर्थात त्याच कारणानं त्यातून सरकारवर दबावही येत नाही. प्रत्येक वेळी समोरच्याला हलवायचंच असतं असं नाही. कधी कधी आपल्याच लोकांना काहीतरी विसरू द्यायचं नसतं. टिलीच्या चौकटीत हे नीट बसत नाही, आणि ते न बसणं मला आवडतं.

पुढची नवी चीज कुठून येईल, याचा अंदाज बांधायचा तर मी पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन दुचाकीवरून जेवण आणि किराणा पोहोचवणाऱ्या मुलांकडे पाहीन. गिरणी कामगाराकडे निदान एक फाटक होतं. तिथे द्वारसभा व्हायची, फितुराला अडवता यायचं, मालकाची मोटार त्याच दारातून जायची. या मुलांना फाटक नाही, पाळी नाही, हजेरीबुक नाही. मालक नावाचा माणूस त्यांनी पाहिलेला नसतो आणि कागदोपत्री ते कामगारही नसतात, 'भागीदार' असतात. संप करायचा म्हणून त्यांनी अ‍ॅप बंद केलं, तर दोन चौक पलीकडच्या मुलाला त्याच क्षणी जास्तीच्या पैशांची सूचना जाते. म्हणजे संपाची चीज म्हणताक्षणीच फुटते. धरणं धरायला दार नाही. रास्ता रोको करावा तर त्यांचा स्वतःचाच रोजगार त्या रस्त्यावर आहे. काही ठिकाणी त्यांनी मालाच्या गोदामांबाहेर जमून पाहिलं, काही ठिकाणी गिऱ्हाइकांनाच मागणी न नोंदवण्याची विनंती केली. गिऱ्हाइकाला बरोबर घेण्याचा हा दुसरा रस्ता मला जास्त शक्यतेचा वाटतो, कारण करड्याच्या गावानं सावकाराशी व्यवहार तोडले तेव्हा तोडणारे सगळेच काही त्याचे ऋणको नव्हते. न्हावी होता, पाणक्या होता.